घास मोजताना

पानावर बसलेल्या माणसाचे घास मोजायचे नाहीत, हे मला माहेरी शिकवलं होतं. कितवी पोळी, भात कितव्यांदा, याकडे नजरसुद्धा जाऊ द्यायची नाही. सासरी आले तेव्हा कळलं की इथे तर या गोष्टीला देवघराइतका मान आहे, कारण हे घर खाणावळीवर उभं राहिलेलं. लालबागच्या चाळीत, दहा बाय बाराच्या खोलीत, आधी माझ्या आजेसासूबाई आणि मग सासूबाई गिरणी कामगारांना जेवू घालायच्या. महिन्याचे पैसे ठरलेले असत, पोटाचं माप मात्र ठरलेलं नसे. "रात्रपाळी करून आलेल्या माणसाला 'चौथी भाकरी का?' असं विचारायचं नसतं," हे आई अजून सांगतात. सासूबाईंना मी आईच म्हणते.

गेल्या वर्षी मे महिन्याच्या अखेरीपासून त्याच आईंचे घास मी मोजायला लागले. रोज, तिन्हीत्रिकाळ, मोबाइलवर.

आईंचं वय ७२. शुगर असल्याचं पाच वर्षांपूर्वी कळलं, तेही मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधीच्या तपासण्यांत. चाळीच्या जागी टॉवर उभा राहिला तरी शेजार तोच आहे, आणि शेजारातलं पहिलं वाक्य होतं, "एवढ्या काटकुळ्या बाईला शुगर कशी होईल?" आम्हालाही तेच वाटलं होतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी या प्रश्नावर आयुष्य घालवलंय, हे मी नंतर वाचलं. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि इंग्लंडमधल्या डॉ. युडकिन यांचा शेजारी शेजारी उभे असलेला फोटो छापून आला होता. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, २२.३. अंगातल्या चरबीचं प्रमाण मात्र युडकिन यांचं ९.१ टक्के आणि याज्ञिकांचं २१.२ टक्के. वरून सडपातळ, आतून चरबी. आपल्याकडच्या कितीतरी घरांतल्या आयाबाया अशाच असतात आणि म्हणून त्यांची तपासणी उशिरा होते, याचं मला फार वाईट वाटतं.

तर मे महिन्यात रक्ततपासणीत आईंचा एचबीएवनसी हा साखरेचा आकडा ८.९ आला, हवा त्यापेक्षा बराच वर. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते आणि तेवढ्या काळात रक्तातल्या साखरेचा थर तिच्यावर चढत जातो, म्हणून या एका आकड्यात मागच्या तीन महिन्यांचा हिशेब दिसतो. आदल्या दिवशी भात सोडून काही उपयोग नसतो. क्लिनिकमधल्या आहारतज्ज्ञ मुलीने शांतपणे सांगितलं, "अ‍ॅप टाका, आई काय खातात ते सगळं लिहा, तीन महिन्यांनी बघू."

अ‍ॅपने वय, उंची, वजन विचारलं. बीएमआय २२.६ निघाला आणि त्याभोवती हिरवं वर्तुळ आलं. उत्तम. आपल्याकडचे डॉक्टर भारतीयांसाठी जास्त वजनाची रेघ २३ वर धरतात, अ‍ॅपची रेघ २५ वर होती. आई त्या हिरव्या वर्तुळाकडे बघून म्हणाल्या, "बघ, चांगलंच आहे की."

पहिल्या संध्याकाळचं बोलणं मला जसंच्या तसं आठवतं. ऑफिसातून आले, पाय धुतले, त्यांच्याजवळ बसले आणि विचारलं, "आई, दुपारी काय जेवलात?"

"जेवले की."

"हो, पण काय काय?"

"जे केलं होतं तेच. दुसरं कुठून येणार?"

"भात किती घेतलात?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता त्या पाहण्यात. रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. ज्या बाईने संपाच्या काळातसुद्धा कुणाला कितवी भाकरी विचारलं नाही, तिला सून भाताचं माप विचारत होती. १९८२ च्या जानेवारीत संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि गिरणगावातल्या खाणावळी महिनोन्‌महिने उधारीवर चालल्या. आई तेव्हा तिशीच्या आतल्या. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली सुरू केलेल्या अन्नपूर्णा महिला मंडळाच्या आधाराने आजेसासूबाईंनी बँकेचं कर्ज काढून मोठी पातेली घेतली होती. त्यातलं एक पातेलं अजून आमच्या माळ्यावर आहे. त्या पातेल्याच्या तळाशी जे उरायचं ते घरच्या बायकांचं जेवण. हे सगळं त्या एका पाहण्यात होतं.

"वाटीभर," त्या म्हणाल्या. मी लिहिलं, भात, १ वाटी.

त्या वाटीवरून पुढे बरंच शिकायला मिळालं. दादरला स्टेशनबाहेर मी स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल काटा घेतला. आमच्या घरची स्टीलची वाटी, लग्नात आलेली, बुडाला नाव कोरलेली. तिच्यात आई भरतात तसा, वर थोडी टेकडी येईल असा, भात भरला आणि काट्यावर ठेवला. वाटीचं वजन वजा जाता १७० ग्रॅम. अ‍ॅपमधली वाटी १०० ग्रॅमची. शिजलेल्या १०० ग्रॅम भातात साधारण १३० कॅलरी आणि २८ ग्रॅम कर्बोदकं धरतात. म्हणजे रोज दोन वेळेला आम्ही जवळजवळ पाऊण वाटी भात कागदावरून गायब करत होतो, आणि त्यात कुणीही खोटं बोललं नव्हतं.

मग नावांचा घोळ. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय अन्नघटकांचे तक्ते प्रसिद्ध केले, त्यात ५२८ पदार्थ आहेत. फार मोलाचं काम आहे ते. पण ते तक्ते मुख्यतः कच्च्या पदार्थांचे, ज्वारी, तूरडाळ, शेंगदाणा असे. पिठल्याचा तक्ता कोण करणार? आमचं पिठलं पातळ, शेजारच्या घरातलं सुरीने कापावं असं. अ‍ॅपमध्ये 'पिठलं' शोधलं की पाच नोंदी येतात, पाचही कुणीतरी आपापल्या घरच्या अंदाजाने भरलेल्या, आणि एकीचा आकडा दुसरीच्या दुप्पट. तेव्हा मी एक केलं. आमच्या घरी वारंवार होणारे पदार्थ एकेक करून कच्च्या मालापासून मोजले. बेसन किती, तेल किती, शिजल्यावर एकूण वजन किती, त्यातलं आईंच्या ताटात किती. महिनाभरात चौदा पदार्थ झाले. हे कंटाळवाणं आहे, पण ज्यांना खरंच अ‍ॅप वापरायचं आहे त्यांनी एवढं करावंच, असं माझं स्पष्ट मत झालंय. तयार नोंद निवडून पुढे जाणं म्हणजे दुसऱ्याच्या घरचं जेवण आपल्या नावावर लिहिणं.

भाकरीबद्दलही एक सांगते, कारण आपल्याकडे हा समज घरोघरी आहे. कोरडं पीठ तोललं तर ज्वारी आणि गहू यांच्या कॅलरीत नाव घेण्यासारखा फरक नाही, दोन्ही १०० ग्रॅमला सव्वातीनशे-साडेतीनशेच्या घरात. भाकरीने पोट लवकर भरतं, म्हणून ती बरी. पण आईंची भाकरी ताटभर असते. तिचं पीठ ६५ ग्रॅम भरलं, पोळीचं ३०. एक भाकरी म्हणजे दोन पोळ्यांहून जास्त. "शुगर आहे, भाकरी खा, कितीही खा" हे सांगणाऱ्यांनी एकदा काटा वापरावा.

मग आषाढी आली.

आई दरवर्षी वडाळ्याच्या विठ्ठलाला जातात. मुंबईकरांचं प्रतिपंढरपूर ते. लालबागहून पहाटे निघायचं, रांगेत उभं राहायचं, दर्शन झाल्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही. मीही गेले होते. पहाटे पाचला रांगेत लागलो. आठ वाजता आईंच्या पिशवीत फोन वाजला. गोळीची वेळ. तो गजर मीच लावला होता. आई शहाण्यासारख्या पाण्याबरोबर गोळी घेऊन मोकळ्या झाल्या, आणि मी शेजारी उभी असून मला काही सुचलं नाही. त्यांच्या दोन गोळ्यांपैकी ती जेवणाआधीची, ग्लिमेपिराइड. ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, पोटात अन्न असो वा नसो.

दहाच्या सुमारास त्यांनी माझा दंड धरला. हात थंडगार आणि ओला. कपाळावर घामाचे थेंब, ओठ थरथरत होते, आणि मी विचारलेलं त्यांना नीट कळत नव्हतं. पर्समध्ये ग्लुकोमीटर होता. बोटाला टोचलं, ५८. सत्तरच्या खाली गेलं की धोका सुरू होतो. रांगेतल्या एका ताईंनी लगेच पेढा पुढे केला. किती मायेने केला, पण पेढ्यातल्या दुधातुपामुळे साखर रक्तात उतरायला वेळ लागतो. मी चहाच्या टपरीकडे धावले, तीन चमचे साखर पाण्यात घातली आणि घोट घोट पाजली. पंधरा ग्रॅम साखर, पंधरा मिनिटं थांबायचं, पुन्हा तपासायचं. ती पंधरा मिनिटं पुढे सरकत नव्हती. समोर टाळ वाजत होते. दुसऱ्यांदा ८४ आले तेव्हा मी तिथेच फूटपाथवर बसले.

पेशंट शुद्धीत असेल आणि गिळू शकत असेल तरच असं पाजायचं, नाहीतर सरळ हॉस्पिटल. ज्यांच्या घरी या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे त्यांनी हे पाठच करून ठेवावं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी उपवासाच्या दिवसाचं वेगळं वेळापत्रक लिहून दिलं. ते आम्ही आधीच मागायला हवं होतं.

त्या रात्री मी अ‍ॅप उघडलं. दिवसभरात आईंनी दूध, एक केळं आणि थोडी भगर एवढंच घेतलं होतं. कॅलरी कमी भरल्या होत्या, म्हणून स्क्रीनवर हिरवा तारा आला होता आणि खाली लिहिलं होतं, 'आजचा दिवस उत्तम'. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्या दिवशी आई माझ्या हातातून जाता जाता राहिल्या होत्या. त्याच रात्री मी ते तारे आणि शाबासक्या बंद केल्या आणि गोळीच्या गजरावर नाव बदलून लिहिलं, 'आधी ताट वाढा, मग गोळी'.

ऑगस्टअखेर पुन्हा रक्त दिलं. माझ्या नोंदी आता चोख होत्या. वाटी तोललेली, भाकरी तोललेली, तेल चमच्याने. एचबीएवनसी आला ८.७.

डॉक्टर काही बोलले नाहीत. आईंच्या दंडाला मागच्या बाजूने, नाण्याएवढा, चौदा दिवस राहणारा सेन्सर लावून बघू, एवढं म्हणाले. तो रक्त तपासत नाही, पेशींच्या मधल्या जागेतल्या पाण्यातली साखर बघतो, त्यामुळे बोटाच्या रक्तापेक्षा काही मिनिटं मागे असतो. स्वस्त नाही, पण एकदा लावला. आई त्याला बिल्ला म्हणायच्या. "हा बिल्ला सगळं सांगतो का गं?" असं त्यांनी पहिल्या दिवशी विचारलं होतं. त्यातलं भय मला तेव्हा कळलं नाही.

फोर्टला बँकेत माझ्या टेबलावर, माझ्या फोनमध्ये, लालबागच्या घरातल्या आईंच्या साखरेची रेघ दिसायची. दुपारी एकच्या जेवणानंतर ती वर जायची आणि अडीचच्या पुढे उतरायला लागायची. आणि साडेतीनला पुन्हा चढायची. पहिल्या टेकडीपेक्षा उंच, २६०, २७०. सोमवारी, मंगळवारी, बुधवारी. शनिवार-रविवारी नाही. नोंदीत साडेतीनला काहीही नव्हतं. चहा पाचला, बिनसाखरेचा.

गुरुवारी मी रजा काढली. डोकं दुखतंय म्हणून आतल्या खोलीत पडून राहिले. मला चोरासारखं वाटत होतं, आजही ते आठवलं की बरं वाटत नाही.

तीनला माझा मुलगा शाळेतून आला. चौथीत आहे. आईंनी त्याचे कपडे बदलले, दूध दिलं, आणि तो खेळायला खाली गेला. मग त्यांनी त्याच्या दप्तरातून डबा काढला. ओट्यापाशी उभ्या राहिल्या, झाकण उघडलं. सकाळी मी दिलेले तूपसाखरेचे दोन पोळीचे रोल होते. एक तसाच होता, दुसरा अर्धा. आईंनी दोन्ही खाल्ले. सावकाश, खिडकीकडे बघत. मग कुकर उघडून बुडाला लागलेला भात उलथण्याने सोडवला, त्यावर आमटी घातली, तोही उभ्यानेच. मग डबा स्वच्छ घासून पालथा घातला.

रोज संध्याकाळी तो पालथा डबा बघून मला केवढं समाधान व्हायचं. पोरगं डबा संपवून येतं, असं मी ऑफिसात सांगत असे.

मी बाहेर गेले. त्या दचकल्या नाहीत. जरा वेळाने म्हणाल्या, "तू रागावतेस त्याला. रडतो मग तो."

"आई, मी रोज विचारत होते तुम्हाला. हे सांगितलं का नाहीत?"

"तू विचारायचीस, काय जेवलात." त्या खरोखर गोंधळल्या होत्या. "मी जेवले कुठे? मी आवरत होते."

त्या वाक्यावर मी किती दिवस विचार करतेय. त्यांनी एकदाही खोटं सांगितलं नव्हतं. आपल्या भाषेत जेवणं वेगळं आणि तोंडात टाकणं वेगळं. पान मांडून, बसून होतं ते जेवण. पातेल्याच्या तळाचं, पोराच्या ताटातलं, सकाळची उरलेली पोळी दुपारी चहात बुडवून, हे आवरणं. पन्नास वर्षं त्या अशाच आवरत आल्या. खाणावळीत सगळे जेवून गेल्यावर जे उरेल ते, आणि अन्न टाकायचं नाही. अ‍ॅपमध्ये रकाने होते नाश्ता, दुपारचं जेवण, मधलं खाणं, रात्रीचं जेवण. ज्या कुणी ते रकाने आखले त्याने बहुधा ओट्यापाशी उभी राहून खाणारी बाई बघितलेली नसावी. आणि मी तर बघितली होती. माझी आई तशीच खायची. मीही खाते.

भारतात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे, असा भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या, २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीचा अंदाज आहे. त्यात अशा आवरणाऱ्या किती असतील, हा विचार माझ्या मनातून जात नाही. त्यांच्या घरची मुलंसुना माझ्यासारखीच हौसेने अ‍ॅप भरत असतील आणि आकडा का उतरत नाही म्हणून आईलाच बोल लावत असतील.

नंतर बरंच काही बदललं, ते थोडक्यात सांगते. मुलाच्या डब्यात आता एकच रोल आणि तोही त्याच्या आवडीचा, अंड्याचा. तो उरवून आणला तर मी रागावत नाही, हे मला त्याच्यासमोर कबूल करावं लागलं. कुकरला भात दोन वाट्यांऐवजी सव्वा वाटी लागतो. अ‍ॅपमध्ये मी स्वतःचा पदार्थ तयार करता येतो तिथे 'आवरणं' नावाची नोंद केली. जे असेल ते काट्यावर ठेवायचं आणि तिथे लिहायचं. आई सुरुवातीला लाजायच्या. मग मीही माझं आवरणं त्यांच्यासमोर तोलायला लागले, तेव्हा त्यांची भीड चेपली.

दुसरं एक अ‍ॅप मात्र काढून टाकलं. त्यात आईंचा आजार आणि फोन नंबर भरल्यावर काही आठवड्यांतच 'शुगर मुळापासून घालवा' अशा चूर्णांचे आणि विम्याचे फोन यायला लागले. संबंध मला सिद्ध करता येणार नाही. पण ते अ‍ॅप आमच्या फोनमधली सगळी नावं-नंबर वाचायची परवानगी मागत होतं, आणि भात मोजायला त्याची काय गरज? २०२३ साली संसदेने वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा केलाय, त्यात दिलेली संमती मागे घेण्याचा हक्क मान्य केलेला आहे. घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या फोनवर आपण बसतो आणि भराभर 'हो, हो' दाबत जातो. ती माहिती त्यांची असते.

नोव्हेंबरच्या शेवटी एचबीएवनसी ७.६ आला. आईंचं वय आणि आषाढीचा प्रसंग बघता यापेक्षा घाईने खाली आणायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. घरी येताना लालबागच्या मसाला गल्लीतून आईंनी धणे घेतले. काही बोलल्या नाहीत, पण गर्दीला जागा देत, निवांत चालत होत्या.

परवा मुलाची परीक्षा संपली म्हणून मी लवकर घरी आले होते. डब्यात अर्धा रोल उरला होता. आईंनी तो काट्यावर ठेवला, चष्मा कपाळावरून खाली घेतला, आकडा वाचला आणि नातवाला हाक मारली, "सोन्या, बेचाळीस. लिही."

मग ओट्याखालचं स्टूल ओढलं, ताटलीत तो तुकडा घेतला, आणि बसून खाल्ला.